ड्रम, डिस्क आणि मामाची जीप

मराठीत ‘जीप’ हा शब्द एका कंपनीच्या मालाचं नाव म्हणून फार काळ राहिलाच नाही. आमच्या सातारा-वाईकडे चार चाकं, मागून उघडी आणि आत समोरासमोर दोन बाकडी असलेलं काहीही जीपच. वडापला उभी असलेली ट्रॅक्स ही जीप, कमांडर ही जीप, मराठवाड्यातली काळी-पिवळीसुद्धा जीपच. बीडीओसाहेब जीपमधून यायचे, निवडणुकीचा कर्णा जीपवर बांधला जायचा. माझ्या आईच्या पिढीला जीप म्हणजे सरकार नाहीतर पुढारी. तुमच्या-माझ्या पिढीला जीप म्हणजे रीलमध्ये चिखल उडवत जाणारी लाल थार. या दोन जीपांच्या मधल्या काळात एक गोष्ट गुपचूप बदलली आणि तिच्यावर कुणी रील करत नाही. ती म्हणजे ब्रेक.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी कोडिंगची, म्हणजे माझ्या बॅचमधल्या निम्म्या पोरांसारखीच गत. गेलं दीड वर्ष शनिवार-रविवार मी मामाच्या १९६७ सालच्या सीजे-थ्रीबी जीपच्या पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून तिथे डिस्क ब्रेक बसवायच्या खटाटोपात घालवले. ऐकायला काम छोटं वाटतं. पण त्यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या लग्नाच्या विषयावरूनही झालेली नाहीत. आणि त्या भांडणात दोन्ही बाजूंना इतिहास आहे, असं वाचत गेलो तसं लक्षात येत गेलं.

सुरुवात जीपपासून करू. १९४० साली अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी हवी होती, आणि तीही अशक्य वाटावी इतक्या कमी मुदतीत. बँटम नावाच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरला बोलावून तिचा आराखडा करवला. पुढे सैन्याने तोच आराखडा विलिस आणि फोर्ड यांच्याही हाती दिला, आणि १९४१ पासून ‘विलिस एमबी’ हजारोंनी बाहेर पडू लागली. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनल्या होत्या. ही गाडी किती वर्षं टिकावी अशी अपेक्षा होती? फार नाही. ती युद्धात जायची होती. तिच्या चारही चाकांत नऊ इंच व्यासाचे ड्रम ब्रेक होते, तेलाच्या दाबावर चालणारे, आणि चारही चाकांना दाब पुरवणारा मास्टर सिलेंडर एकच. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्याही खाली, चासीला लटकलेला. हा ‘एकच’ शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भारतात ही गाडी आली ती महिंद्रांबरोबर. १९४५ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचं नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इकडे कंपनीच्या नावात दुसऱ्यांदा ‘महिंद्र’ आलं. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत मुंबईत माझगावला विलिसचे सुटे भाग बोटीने येत आणि जीपा जोडल्या जात. (स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच, बरं का. १९४८ मध्ये लंडनमधून कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी केलेला ८० लाखांचा करार आणि त्यातून प्रत्यक्ष हाती आलेल्या १५५ जीपा.) १९५३ मध्ये अमेरिकेत सीजे-थ्रीबी आली. नव्या इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट उंच केलेली, जरा ठेंगणी-फुगीर दिसणारी जीप. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, भारतात मात्र चालूच राहिली. आपल्या जुन्या सिनेमांत इन्स्पेक्टर ज्यातून उतरतो ती बहुधा हीच.

मामाची जीप अशीच. आजोबांनी ती १९८४ मध्ये सरकारी लिलावातून घेतली. ब्रेक तेच, १९४१ चे. म्हणजे भाग नवे, पण विचार तोच. नऊ इंची ड्रम, एक मास्टर सिलेंडर.

ड्रम ब्रेक काय असतो ते दोन वाक्यांत सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या स्कूटरच्या मागच्या चाकात तो आजही आहे. चाकाबरोबर फिरणारं लोखंडी पातेलं म्हणजे ड्रम. त्याच्या आत अर्धगोल दोन शू असतात, ब्रेक दाबला की ते बाहेर फाकून पातेल्याला आतून घासतात. यात एक गंमत आहे आणि ती मला कॉलेजात कुणी नीट सांगितली नव्हती. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो. म्हणजे तुम्ही पायाने जेवढा जोर लावता त्यात गाडीचा वेग स्वतःच भर घालतो. ज्या काळात ब्रेकला बूस्टर नव्हते त्या काळात हे वरदान होतं. किडकिडीत शिपाई भरलेली जीप पायाच्या जोरावर थांबवू शकायचा तो यामुळे.

ड्रम आणि डिस्क यांत डिस्क नवी आणि ड्रम जुना असं आपण समजतो. तसं नाही, दोघं एका वयाचे आहेत. फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेकचं पेटंट घेतलं १९०२ मध्ये. त्याच वर्षी इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. दोन्ही कल्पना सोबत जन्मल्या आणि एक पन्नास वर्षं मागे पडली. का? लँचेस्टरकडे पॅडला लावायला योग्य वस्तूच नव्हती. त्याने तांब्याचं अस्तर वापरलं. धातूवर धातू घासला की जो कर्णकर्कश आवाज होतो त्याची कल्पना करा. शिवाय तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर, उघड्या चकतीवर बसणाऱ्या मातीत तांबं बघता बघता झिजायचं. ड्रम झाकलेला, म्हणून तो तगला.

मला या सगळ्या कथेत सगळ्यात आवडलेला माणूस मात्र वेगळाच आहे. हर्बर्ट फ्रूड. इंग्लंडच्या डर्बीशरच्या डोंगराळ भागात फिरताना त्याने पाहिलं की उतारावर घोडागाड्या आवरण्यासाठी गाडीवान लाकडी ठोकळ्यावर जुन्या बुटांचे तळ ठोकतात. त्यावरून त्याने घर्षणाच्या अस्तरांचे प्रयोग सुरू केले, आधी सुती कापडाचे, मग १९०८ च्या सुमारास ॲसबेस्टॉसचे. कंपनीचं नाव ठेवताना आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट केली आणि बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातलं पहिलं अक्षर त्यात घातलं. झालं ‘फेरोडो’. आजही ब्रेक पॅडच्या खोक्यांवर हे नाव दिसतं. घाटातल्या गाडीवानाच्या फाटक्या बुटापासून सुरू झालेली गोष्ट मला कुठल्याही स्टार्टअपच्या गोष्टीपेक्षा बरी वाटते.

पण तिला काळी बाजू आहे. ॲसबेस्टॉसने ब्रेक टिकाऊ केले आणि फुप्फुसं खराब केली. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी आणली, युरोपीय संघाने २००५ पासून. भारतात मात्र बाहेरून येणारं ॲसबेस्टॉस आजही मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांसाठी वापरलं जातं. आमच्याकडचे मेस्त्री ड्रम उघडला की पहिलं काय करतात? कॉम्प्रेसरची नळी घेऊन आतली काळी पूड फुर्रकन उडवतात. वर्षानुवर्षं, तोंडाला फडकंही न बांधता. पन्नास वर्षांच्या जीपमधल्या त्या पुडीत काय काय असेल कुणास ठाऊक. मी आमच्या मेस्त्रींना ओल्या फडक्याने पुसायला लावलं, तर ते हसले. “इंजिनिअरसाहेब, आता काय उरलंय आत जायचं?” त्यावर मला काही बोलता आलं नाही. फडकं मात्र मी भिजवून हातात दिलं.

आता घाट. ब्रेक म्हणजे शेवटी गतीचं उष्णतेत रूपांतर करणारं यंत्र. वाई ते पाचगणी हा पसरणीचा घाट. दोन्ही गावांच्या उंचीत साधारण साडेपाचशे मीटरचा फरक. माणसं धरून १,३०० किलोची जीप तेवढं उतरते तेव्हा सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ताशी ६० किलोमीटरने जाणारी तीच जीप एकदा पूर्ण थांबवली तर लागतात १ लाख ८० हजार. म्हणजे एक घाट उतरणं हे साठच्या वेगातून सुमारे ३९ वेळा कचकन थांबण्याइतकं आहे. आणखी सोपं करून सांगतो. ऑफिसात पाण्याचा २० लिटरचा जार असतो ना? तो जवळजवळ पूर्ण उकळवण्याइतकी ही उष्णता. इंजिनाच्या गिअरने काही खाल्ली, हवेने काही खाल्ली, उरलेली चार बंद पातेल्यांत.

आणि पातेलं तापलं की फुगतं. शूपासून लांब जातं. मग पेडल आणखी खाली दाबावं लागतं. अस्तर तापून त्याची पकड सुटू लागते. डिस्कचं उलट आहे: चकती तापून फुगली तर पॅडच्याच दिशेने फुगते, आणि दोन्ही बाजूंनी वारा लागतो. ओढा ओलांडताना ड्रममध्ये शिरलेलं पाणी आणि गाळ आतच बसतो; चकती एका फेऱ्यात पाणी झटकून टाकते. रानवाटांवर चालणाऱ्या गाडीला डिस्क हवी ती या कारणासाठी, दिसायला भारी म्हणून नव्हे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपत असताना मामा पाचगणीहून उतरत होते. बरोबर मामी आणि त्यांची सहा वर्षांची नात. पसरणी घाटाच्या मधोमध पेडल तळाला गेलं. मागच्या एका चाकातल्या व्हील सिलेंडरचं रबर फाटलं होतं आणि तेल वाहून गेलं होतं. एका चाकातून. पण मास्टर सिलेंडर एक, नळीचं जाळं एक, त्यामुळे चारही चाकं गेली. मामांनी दोनदा पेडल मारून पाहिलं, तिसऱ्यांदा मारण्यात वेळ घालवला नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होतीच, कारण मामांचा नियमच तो: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं. त्यांनी हँडब्रेक ओढला.

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. त्याची स्वतःची वेगळी छोटी ड्रम. तो उभी गाडी धरून ठेवायला आहे, पळती थांबवायला नाही; तसा वापरला तर सगळा भार शाफ्टच्या जॉइंटवर येतो. पण त्या दिवशी त्याने धरलं. जीप धक्के खात डोंगराकडच्या गटारात जाऊन कलली. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत. नात मात्र शाळेत सगळ्यांना सांगत होती की आजोबांनी जीप गटारात पार्क केली.

मी पुण्याहून गेलो आणि म्हणालो, “मामा, आता पुढे डिस्क बसवू आणि डबल सर्किटचा मास्टर सिलेंडर टाकू.”

“सिलेंडर टाक,” मामा म्हणाले. “डिस्क कशाला? फाटलं रबर. रबर बदल.”

मुद्दा बिनतोड होता, हे मान्य करायला हवं. त्या दिवशी फसला तो ड्रम नव्हे, फसली ती एकाच सर्किटची रचना. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस गाड्यांना दुहेरी सर्किट सक्तीचं झालं ते याच कारणाने. पुढची दोन चाकं एका नळीवर, मागची दुसऱ्या नळीवर. एक फुटली तरी दुसरी राहते. हा बदल मामांनी लगेच मानला. डिस्कसाठी मात्र मला इतिहासाची साक्ष काढावी लागली.

डिस्कला पुन्हा उभं केलं ते विमानांनी आणि रणगाड्यांनी. जड विमान धावपट्टीवर उतरतं तेव्हा ड्रमच्या आवाक्याबाहेरची उष्णता निर्माण होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या टायगर रणगाड्यात आर्गुस कंपनीचे डिस्क ब्रेक होते. युद्धानंतर डनलॉपने विमानांवरचा अनुभव मोटारींकडे आणला. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या रँसला स्टर्लिंग मॉसने डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप चालवून शर्यत जिंकली, आणि १९५३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत रोल्ट आणि हॅमिल्टन यांच्या सी-टाइपने ताशी १०० मैलांच्या वर सरासरी ठेवून बाजी मारली. तिथे सहा किलोमीटरच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी एक काटकोनी वळण येतं. ड्रमवाले आधीपासून ब्रेक दाबायला लागायचे, जॅग्वार पुढे जाऊन मग दाबायची, आणि तेही चोवीस तास, दर फेरीला. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस आली आणि पुढच्या चाकांना डिस्क ही सामान्य माणसाच्या मोटारीतली गोष्ट झाली. अमेरिकेत याआधीच, १९४९ च्या आसपास, क्रॉस्ले या छोट्या कंपनीने डिस्क विकून पाहिली होती. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने ती गंजून अडकायची, आणि ग्राहक परत ड्रम मागायचे.

ही सगळी विजयगाथा मी मामांना सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, “आणि मागनं येणाऱ्याला कुठले ब्रेक?”

मला वाटलं फाटे फोडताहेत. मग आठवलं की १९५५ चं ल मान्सही आहे. मोटार शर्यतींच्या इतिहासातला सगळ्यात भीषण अपघात. माइक हॉथॉर्नची डिस्कवाली जॅग्वार पिटकडे वळताना झपकन मंदावली, मागची ऑस्टिन-हीली चुकवायला बाजूला सरकली, तिच्यावर मागून पियर लेव्हेची ड्रमवाली मर्सिडीज आदळून प्रेक्षकांत घुसली. ८० हून जास्त माणसं गेली. दोष कुणाचा यावर आजही वाद आहे आणि एकट्या ब्रेकवर तो टाकता येत नाही. पण एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या ताकदीचे ब्रेक धावत होते ही गोष्ट त्या वादात वारंवार येते. घाटात तुमच्या मागे उसाने भरलेला ट्रक असेल तर मामांचा प्रश्न फाटे फोडणारा उरत नाही.

मामांचा दुसरा आक्षेप त्याहून खोल होता. “आरं, जीप थांबवायची नसती, आवरायची असती. ब्रेक कमी हायत म्हणून तर माणूस भान ठेवून चालवतो.” हे म्हाताऱ्याचं तत्त्वज्ञान म्हणून सोडून देता येत नाही, कारण ऐंशीच्या दशकात म्युनिकमध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. काही टॅक्सींना एबीएस बसवलं, काहींना नाही. एबीएसवाल्यांचे अपघात एकूण कमी झालेच नाहीत. ते ड्रायव्हर जास्त बिनधास्त चालवू लागले. म्हणजे चांगला ब्रेक मिळाला की माणूस ती सुरक्षितता वेगात खर्च करतो. तरीही २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे १२५ सीसीवरच्या सगळ्या बाइकना एबीएस सक्तीचं आहे, आणि मला ते योग्यच वाटतं. भान सुटतं तेव्हाही काहीतरी हाताशी असावं. मामांसारखं भान शंभरातल्या पाच ड्रायव्हरांकडे असेल. आणि नात कधीतरी ही जीप चालवणारच आहे.

खुद्द जीपच्या घराण्यानेही डिस्क उशिरा स्वीकारली. टोयोटाच्या एफजे-४० लँड क्रूझरला अमेरिकेत १९७६ च्या मॉडेलपासून पुढे डिस्क आली, फोर्ड ब्रॉन्कोलाही त्याच वर्षी, आणि अमेरिकन सीजेला १९७७ मध्ये, तीही आधी ऐच्छिक. आपल्याकडे अँबॅसडर आणि पद्मिनी कित्येक दशकं चारही ड्रमवर चालल्या. परवान्यांचं राज्य होतं, गिऱ्हाईक रांगेत होतं, ब्रेक सुधारायची कुणाला घाई? जुनी गाडी ‘जशीच्या तशी’ जपायची म्हणताना आपण त्या काळचा नाइलाजही जपत असतो, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी तह झाला. मागे ड्रम राहणार, पुढे डिस्क येणार, हँडब्रेक शाफ्टवरच राहणार, पेडल फळीतूनच वर येणार, आणि जीपमध्ये एकही नवं भोक पडणार नाही. पुढचे ड्रम, शू, मागची प्लेट सगळं ग्रीस लावून माळ्यावर. कधीही रोलबॅक करता यावं, या माझ्या धंद्यातल्या अटीवर मामा खूश झाले.

त्याआधी ड्रमला पूर्ण संधी दिली. नवे लायनर, लेथवर घासून गोल केलेले ड्रम, नवे व्हील सिलेंडर, आणि मेस्त्रींनी अर्धा दिवस बसून केलेलं ॲडजस्टमेंट. या ब्रेकमध्ये आपोआप काही जुळत नाही. चाक उचलायचं, आटा फिरवत शू ड्रमला टेकवायचा, मग किंचित मागे घ्यायचा, आणि हे चारही चाकांना सारखंच व्हायला हवं, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. मग गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर चुन्याची रेघ मारून मोजलं. ताशी ४० वरून थांबायला १४ मीटर, जराशी डावीकडे ओढत. उत्तम! पण न थांबता लागोपाठ दहा वेळा केलं तेव्हा दहाव्यांदा २३ मीटर. मामांनी आकडा वहीत स्वतःच्या हाताने लिहिला आणि काही बोलले नाहीत.

डिस्क बसवणं यांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही. पुढच्या ॲक्सलवर ड्रमची मागची प्लेट सहा बोल्टवर बसते. ती काढून तिथेच कॅलिपरचा ब्रॅकेट बसतो. जीपच्या चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर असतात आणि जिप्सीचेही तसेच, त्यामुळे आपल्याकडे जुन्या बाजारात चकत्या धुंडाळणं सोपं जातं. (जुन्या विलिसच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. हे ठाऊक नसलेल्याने पाना मारून मारून बोल्ट तोडल्याच्या कथा प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात.) ब्रॅकेट मी कॉम्प्युटरवर काढला, लेथवाल्याने त्यात दोन मिलिमीटरची सुधारणा सांगितली, ती बरोबर होती.

खरी अडचण तेलाची. मास्टर सिलेंडर फळीखाली असल्याने त्याची पातळी कॅलिपरपेक्षा खाली येते. गाडी उभी राहिली की कॅलिपरमधलं तेल हळूहळू मागे उतरतं आणि पुढच्या वेळी पेडल अर्धं पोकळ लागतं. म्हणून नळीत थोडा दाब अडकवून ठेवणारा व्हॉल्व्ह घालतात, डिस्कसाठी साधारण २ पीएसआयचा. मागच्या ड्रमला मात्र १० पीएसआय लागतो, नाहीतर व्हील सिलेंडरच्या रबरातून हवा शिरते. हेच व्हॉल्व्ह चुकून अदलाबदल झाले तर पुढचे पॅड चकतीला चिकटूनच राहतील आणि घाटात पेट घ्यायची वेळ येईल. आम्ही दोन्हींवर वेगवेगळ्या रंगाची टेप लावली. मग एअर काढणे: मामा पेडलवर, मी चाकाखाली, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. “दाबा... धरा... सोडा.” डॉट थ्री तेल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की १४० लाच. जुनं तेल पाहिलंत तर कोऱ्या चहासारखं होतं.

कायद्याचं बोलायलाच हवं, कारण तुमच्यातला कुणीतरी हे वाचून पाना उचलेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठासून सांगितलं. दुसरीकडे जुलै २०२१ च्या विंटेज नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘मूळ स्थिती’ ठरवताना चासी, बॉडी आणि इंजिन यांच्यातल्या बदलांचं नाव घेतलंय, ब्रेकचं नाही. पण तशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरतीच. मामांनी ती वाट नाकारली. “मांडून ठेवायला ती काय पाळण्यातला कृष्ण हाय?” आम्ही काम सुरू करायच्या आधी लेखी अर्ज देऊन विचारून घेतलं. तुम्हीही घ्या.

पुन्हा तोच माळ, तीच चुन्याची रेघ. पहिल्यांदा १० मीटर, सरळ. दहाव्यांदा ११. अचानक दाबला तर आधी पुढची चाकं लॉक होतात, मागची नंतर, म्हणजे गाडी गिरकी घेणार नाही. ते नीट जुळलंय की नाही हे बघायला आम्ही माळावर पाण्याचा टँकर रिकामा केला. मामांनी दोन्ही आकडे वहीत मागच्या दोनच्या खाली लिहिले.

एक गोष्ट उरली आहे. डिस्क स्वतःहून काही ओढून घेत नाही, ड्रमसारखी मदत करत नाही, त्यामुळे पेडल पूर्वीपेक्षा कडक झालंय. लहान बोअरचा सिलेंडर घातला तर पाय हलका होतो पण पेडल लांब जातं. मोठा घातला तर उलट. तीन सिलेंडर बदलून मधला ठेवलाय. मामांचं वय ६७, उजवा गुडघा दुखरा. इंजिन पेट्रोलचं असल्याने मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो, बूस्टर बसवता येईल, पण त्याला जागा करायची तर फळी कापावी लागते आणि तहात ते बसत नाही. सध्या मामा पसरणी उतरताना दुसऱ्याच गिअरमध्ये असतात आणि पेडलला फारसा पाय लावतच नाहीत. दिवाळीला गेलो की फळी मोजणार आहोत.